जुम्म्याची लाट

१९ ऑक्टोबर १९३७, मंगळवार. हिंगोली.
आजचाही दिवस वाया. पहाटे पाचला अंगणात तार ताणली, लिंबापासून भिंतीपर्यंत. हिनं दोन तास चक्री फिरवून तारेत वीज भरली. दवानं टोकांचं मेण ओलं, वीज सगळी भिंतीत गेली. वर शेजारच्या धनगराच्या शेळ्यांनी ताणाची दोरी खाल्ली. त्याला बोललो तर म्हणतो, "मास्तर, नुस्ती तार काहून टांगता? धोतर तरी वाळू घाला."
प्रो. साहेबांना महिनाअखेर आकडे पाहिजेत. हवेतला रेडियमचा वायू मोजायचा, रोज. यंत्र त्यांचं, मरण माझं. उंटावरून शेळ्या हाकतात हैदराबादेत बसून. पण आकडे गेले नाहीत तर त्यांच्या प्रयोगशाळेतली जागा दुसऱ्याला, आणि मी इथंच उर्दूतून भूमिती घोकवत म्हातारा होणार.

२३ ऑक्टो.
तार मागच्या खोलीत नेली. खुंटीपासून खुंटीपर्यंत. जमलं! तार गुंडाळून पेटीत ठेवली, दुर्बिणीतून पाहिलं, आतलं सोन्याचं पान भराभर खाली. तक्त्यात "खुली हवा" लिहिलं. खिडकी उघडी आहे, म्हणजे खुलीच.
हिनं विचारलं, पान कशानं पडतं? सांगितलं: मातीत रेडियमचा अंश असतो, त्यातून वायू सुटतो, हवेत मिसळतो, त्याची राख तारेवर बसते. राख जास्त, तेवढं पान लवकर पडतं.
"म्हंजी भुई पादती म्हना की."
बी.एस्सी.ला हे इतक्या थोडक्यात कुणी शिकवलं नव्हतं. हसू दाबलं.

६ नोव्हेंबर, शनिवार.
काल जुम्मा, शुक्रवार. निजामी शाळेला सुट्टी, म्हणजे घरी सारवण. नेहमीप्रमाणे टेबल, पेटी, चक्री मी उचलून पडवीत ठेवायची, हिनं शेणमातीनं भुई सारवायची, वाळली की सगळं पुन्हा मी आत आणायचं. ऐन दिवाळीतही सुटका नाही.
आज पहाटे चक्री फिरवता फिरवता म्हणते, "सारवलं की तुमचं पान सुस्तावतं बगा."
म्हटलं, तू चक्री फिरव. शास्त्र माझ्याकडे राहू दे. जरा जास्तच लागेल असं बोललो. चहा गार आला.

१२ डिसेंबर.
सात आठवड्यांचे आकडे कागदावर मांडले. लाट आहे! शनिवारी पान आळशी, मग रोज थोडं थोडं जलद, शुक्रवारी पहाटे सगळ्यांत जलद. शनिवारी परत आळशी. प्रत्येक आठवड्याला, बराबर. हवेचा दाब? कयाधू नदीवरचा वारा? काहीतरी मोठं आहे. प्रो.ना आजच लिहिलं. हिला कागद दाखवला तर "चांगलं हाय" म्हणून भाकरी थापायला गेली.

९ जानेवारी १९३८.
प्रो.चं पत्र. फार खूश. परिषदेत निबंध वाचणार. जागा जूनपासून माझी, शब्द दिला. हेडमास्तरांना पत्र दाखवलं. म्हणाले, "मुबारक! मगर आठवीं का नतीजा?" मेल्याला दुसरं काही सुचत नाही.

२० फेब्रु.
निबंधाची प्रत आली. वर नाव एकट्या प्रो.चं. शेवटी बारीक अक्षरात, "स्थानिक मदतीबद्दल हिंगोलीच्या एका शाळामास्तरांचे आभार." एका! नाव लिहायला शाई संपली होती काय? चार महिने पहाटे पाचला कोण उठलं? संताप संताप झाला. जेवलो नाही.
ही म्हणाली, "तुमचं निदान मास्तर तरी लिवलंय."
तेव्हा लक्षात आलं नाही काय म्हणाली ते. आत्ता लिहिताना आलं.

६ मार्च.
ही भावाच्या लग्नाला साखऱ्याला गेली. तीन आठवडे. मेहुणे छकडा घेऊन आले होते. आता चक्री मीच फिरवायची.

९ मार्च.
खांदा कामातून गेला. दोन तास! रोज ही हे करत होती, कधी बोलली नाही.

१८ मार्च, शुक्रवार.
लाट नाही. बारा दिवस झाले, पान जलद होत गेलं ते पुन्हा आळसावलंच नाही. गेला शनिवारही जलद. मेण बदललं, पेटी पुसली, दुर्बीण पुसली. घड्याळ स्टेशनवर नेऊन मिळवलं. सगळं ठीक आहे आणि लाट नाही. प्रो.ना काय सांगू? काही दिवस कळवत नाही.

३० मार्च, बुधवार.
ही परवा आली. खोलीत पाऊल टाकताच, "अगं बाई, भुईला भेगा किती ह्या! तीन जुम्मे गेले, कुनी हात न्हाई लावला?" काल मंगळवारीच सारवायला बसली. टेबल मी उचललं.
आज पहाटे पान पेंगतंय. बुधवारी!
तिथंच भुईवर बसलो. ओल्या शेणमातीनं भेगा बुजतात, वायू खाली कोंडतो. भुई वाळली, तडकली, की पुन्हा वर येतो. कयाधू नाही, वारा नाही, काही नाही. अरे, निसर्गाला जुम्मा कुठून ठाऊक असणार? सुट्टी सरकारनं दिली, भुई हिनं सारवली, आणि टेबल दर वेळी मी, याच दोन हातांनी, उचलून बाहेर ठेवलं. ठेवलं आणि नदीवरचा वारा शोधत बसलो.
वही मागं उलटली. ६ नोव्हेंबर वाचलं. गाढव. पदवीधर गाढव.

३ एप्रिल.
हिला सांगितलं. वाटलं होतं हसेल. नाही हसली.
"म्या तवाच बोलले व्हते. तवा तुमाला चक्री फिरवनारं मानूस पायजे व्हतं, डोळे असनारं न्हाई. काखंत कळसा अन् गावाला वळसा."
लाज वाटली. बायकोसमोर वाटली म्हणून जास्तच वाटली.
प्रो.ना सगळं लिहून टाकलं. "खुली हवा" हे खोटं होतं, तेही. कुणी सुचवलं तेही लिहिलं.

२१ एप्रिल.
उत्तर आलं. चार ओळी. निबंध छापून झाला, परदेशातही गेला. असल्या किरकोळ शंका पत्रातून काढू नयेत. नेमणूक सोबत जोडली आहे. इथे येऊन वर्षभर हीच मोजणी करावी आणि लाट पुन्हा दाखवावी.
माझं पत्र त्यातच घडी घालून परत पाठवलंय. म्हणजे त्यांच्या दप्तरी ते आलंच नाही. वा रे शास्त्र!
हात दाखवून अवलक्षण. गप्प बसलो असतो तर निदान न कळून चुकलो असं म्हणता आलं असतं.

२ जून, गुरुवार.
गाडी सोमवारची. यंत्र भुशात बांधलं. दोन पत्रं लिहून तयार. एक, नेमणूक मंजूर. दुसरं, निबंध छापणाऱ्या संपादकांना, लाट कशाची ते. दोन्ही कोटाच्या खिशात. एक टाकलं तर दुसरं टाकता येत नाही.
ही भांडी पोत्यात भरत होती. म्हणाली, "तितं भुई कशी हाय?"
म्हटलं, शहाबादी फरशी. प्रयोगशाळेत पण, राहायच्या जागेत पण.
"म्हंजी सारवायचं न्हाई."
नाही.
तिनं परात पोत्यात सरकवली. मग म्हणाली, "मंग तुमची लाट कोन काढनार? वहीत तुमीच काढनार व्हय?"
पोत्याचं तोंड सुतळीनं बांधायला घेतलं.
उद्या जुम्मा. दुसऱ्याची भुई अशी भेगाळ सोडून जाऊ नये म्हणते, सारवून देणार आहे. टेबल उचलायला मी आहेच.