खिशातला एकच पेन

२ फेब्रुवारी
ठरलं. यापुढे एकच पेन. रोज खिशात, आयुष्यभर. मोठे साहेब पुढच्या महिन्यात रिटायर होतायत आणि त्यांची खुर्ची मलाच मिळणार हे ऑफिसात शिपायालासुद्धा माहीत आहे. स्टेपलरला मिळणार नाही. (हे नाव मी ठेवलेलं. तो साहेबांना जाईल तिथे चिकटलेला असतो.) खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने फुकट मिळालेल्या पेनने सह्या करू नयेत.
हिला सांगितलं. ही म्हणाली, घरात डबाभर पेन पडलेत. म्हटलं, त्यातला एक तरी उठतो का? म्हणाली, तुमच्यासारखेच आहेत, झटकल्याशिवाय उठत नाहीत. दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी
पेन घेतला. मेटल बॉडी, घट्ट क्लिप. खटका असा की मीटिंगमध्ये दाबला तर लोक माना वळवतील. हिला किंमत सांगितलेली नाही.

९ फेब्रुवारी
रिफिल संपली. दुकानदार म्हणाला, सोबत येते ती नावापुरती असते. आणि या मापाची आता मिळत नाही, बनवणारेच बंद पडले. आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, तुम्ही बोलू कुठे दिलंत.
असो. डोकं असलेल्या माणसाला कुठलीही रिफिल बसवता येते.

१० फेब्रुवारी
जेल रिफिल. लांब होती. नेलकटरने शेपूट उडवलं. बसली.

१० फेब्रुवारी, दुपारी
खिशात फुटली. निळा डाग बरोबर छातीवर. स्टेपलर म्हणाला, काका, अॅटॅक निळा येतो का हो? सगळे हसले. मी त्याच्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. खुर्चीवर बसलो की पहिली बदली याचीच.

१४ फेब्रुवारी
बॉलपेनची रिफिल. आखूड. मागे कागदाचा बोळा कोंबला. साहेबांच्या समोर फॉर्म भरत होतो तर दर अक्षराला टोक आत. साहेबांनी स्वतःचा पेन पुढे केला. त्यांचा हात एवढा थरथरतो की तो पेन पकडायला मला नेम धरावा लागला. अशा हातांनी हा माणूस ऑफिस चालवतोय.

२० फेब्रुवारी
सापडली. तंतोतंत बसली. कापाकापी नाही, बोळा नाही. वर ही शाई चक्क खोडरबराने पुसली जाते. चिकाटी म्हणतात ती ही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात पुष्कळ काही छापलंय. सूचना वाचत बसणारी माणसं खालच्या पोस्टवरच राहतात.

३ मार्च
साहेबांचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे. अक्षर माझंच चांगलं, हे शत्रूही मान्य करतात. निरोपाच्या समारंभातच साहेब पुढच्याचं नाव जाहीर करणार. म्हणजे मानपत्र माझं आणि खुर्चीही माझी.

६ मार्च
जाड क्रीम कागद आणला. खालच्या भागात आधी पेनची ट्रायल घेतली. साहेबांबद्दल जे मनात होतं तेच लिहिलं, चार ओळी. वर्षानुवर्षं साठलेलं. फार मोकळं वाटलं. मग खोडरबराने स्वच्छ पुसलं. वरच्या भागात खरं मानपत्र: ‘आपण आम्हांस पितृतुल्य...’ वगैरे. तळाला स्टाफच्या सह्या घेतल्या. सगळ्यांनी आपापल्या पेनने केल्या. माझा कुणाला देत नाही.

१२ मार्च
उद्या समारंभ. मानपत्र लॅमिनेट करायला दिलं. मशीनमधून बाहेर आलं ते कोरं. तळाला फक्त स्टाफच्या सह्या. लॅमिनेशनवाला म्हणाला, कोऱ्या कागदावर एवढ्या सह्या कशाला घेतल्यात? त्याला वाटेल ते बोललो.
घरी येऊन पाकीट वाचलं. ‘उष्णतेने शाई दिसेनाशी होते. फ्रीझरमध्ये ठेवल्यास पुन्हा दिसते.’ म्हणजे सगळा विचार झालेला आहे. माझी निवड चुकलेली नाही. मानपत्र बर्फाच्या ट्रेवर आडवं ठेवलं.

१३ मार्च, सकाळी
पितृतुल्य परत आलं. प्लास्टिकवर बाष्प धरलं होतं, पण वरचा मजकूर ठळक. ऊब लागायच्या आत गिफ्ट पेपरात गुंडाळलं. त्याआधी ही बाष्प पुसत होती. म्हणाली, अहो, खालीसुद्धा काहीतरी उमटलंय. म्हटलं, सह्या आहेत त्या. तुला काय कळतंय त्यातलं? गप्प बस आणि चिकटपट्टी दे. दिली.

१४ मार्च
कालचं लिहून ठेवतो.
साहेबांना हातात आलेला कागद मोठ्याने वाचायची सवय. वाचलं. पितृतुल्यला टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्यांच्या मिसेसनी डोळे पुसले. मी उठून उभा राहायच्या तयारीत. पण साहेब वाचतच राहिले. माझं अक्षर इतकं सुवाच्य की अडखळायला जागाच नाही. ‘हाताला कंप, डोक्याला गंज. इतक्या वर्षांत एक निर्णय घेतला नाही. सही करतो की शाईत बुडवलेलं झुरळ सोडतो? जा आता घरी आणि बायकोचा जीव खा.’ त्याच सुरात खालची नावंही वाचली. शिपायापर्यंत सगळी.
मिसेस उठून बाहेर गेल्या. ज्यांची-ज्यांची नावं वाचली गेली ते सगळे माझ्याकडे बघत होते. अक्षर ओळखतात ना.
साहेब मला एवढंच म्हणाले, तुमचं नाव मी मागच्या आठवड्यातच वर कळवलं होतं. मग खिशातून मोबाइल काढला. हात फारच थरथरत होता, त्यामुळे वरच्या ऑफिसचा नंबर स्टेपलरने लावून दिला.

१५ मार्च
दोष सर्वस्वी शाईचा. पुसलेलं पुसलेलं राहायला हवं. बनवणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहिणार.
हिला विचारलं, खाली काय उमटलंय ते तू वाचलं होतंस? म्हणाली, सगळं. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही गप्प बस म्हणालात. शिवाय रोज जेवताना माझ्याबद्दल असंच बोलता. मला वाटलं, तुमची मान द्यायची हीच पद्धत असेल.
भाजीत मीठ जास्त होतं. बोललो नाही.

२ एप्रिल
आवक खिडकीवर बदली. वर्षानुवर्षं इथे टिकून राहील असा माणूस हवा होता म्हणे. एक प्रकारे विश्वासच.
स्टेपलरसाहेबांचा पहिला लेखी आदेश, फक्त माझ्या नावाने: ऑफिसच्या कागदावर स्वतःचा पेन वापरायचा नाही. खिडकीवरचा वापरायचा. तो दोऱ्याने बांधलेला आहे. साधा बॉलपेन, पण उठतो चांगला. अडचण एकच. बांधलाय बाहेरच्या बाजूला, लोकांसाठी. मला काही लिहायचं झालं की खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि रांगेतल्या माणसाला म्हणायचं, तुमचं झालं असेल तर जरा देता का?
आज बहुतेकांनी दिला.