टेकूवरची होडी

बाबा,

मागच्या महिन्यात जपानमधल्या एका देवळात मला पुन्हा तुमचा राग आला. आम्ही सुट्टीत गेलो होतो. समुद्रकाठचं, खलाशांचं देऊळ ते. वादळातून जिवंत परतलेल्यांनी वाहिलेली होड्यांची चित्रं भिंतभर टांगलेली. म्हातारा पुजारी सांगत होता आणि नवऱ्याचा फोन भाषांतर करत होता: पूर्वी नवी होडी बांधली की डोलकाठीच्या बुडाशी बाईचे केस ठेवायचे. होडीची राखणदार बाईच. ते ऐकताना माझा गाल तापला.

मी पुन्हा दहा वर्षांची आहे. शुक्रवार, शाळेला सुट्टी. ओमानमधल्या आपल्या वादी कबीरच्या घरून शेजारच्या काकांच्या गाडीतून तुमचा डबा घेऊन मत्र्याच्या धक्क्यावर येते. समोर तुमची टग, मोठी जहाजं ओढणारी बोट, उभी. मी टुणकन उडी मारून चढते आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत देता. “बायमाणसाचा पाय बोटीला लागता कामा नये, कितीदा सांगितलं!” तुमचा ओमानी कॅप्टन म्हणत राहतो, “खलास, खलास, बस करो, बच्ची है.” त्याच आठवड्यात दोर तुटून एका खलाशाची दोन बोटं गेली, आणि जेवताना तुम्ही आईला म्हणालात, “हिचा पायगुण.” आई वाढत राहिली. तो शब्द तुम्ही मरेपर्यंत मागे घेतला नाहीत. फार तर दारात थांबून विचारायचात, “जेवलीस का?” आज मी पोर्टाच्या ऑफिसात बोटींचे कागद करते, पण एकाही बोटीवर चढलेले नाही.

तर त्या देवळाच्या आवारात एक जुनी होडी टेकू लावून ठेवली होती, मुलांनी चढावं म्हणूनच. आमची नऊ वर्षांची लेक चढली. “आई, फोटो काढ ना, क्विक!” आणि केसांची गोष्ट नुकतीच ऐकलेली मी धावत गेले, तिला दंडाला धरून खाली ओढलं आणि थोबाडीत दिली. ती रडलीसुद्धा नाही. “बट मी काय केलं?” एवढंच म्हणाली. पुजाऱ्याने मान खाली घातली. कोरड्या जमिनीवरची होडी, बाबा. ती कुठे बुडणार होती?

इकडे ओमानात, अल हैलच्या आमच्या घरी, ती शाळेत गेल्यावर हे लिहायला बसले, ते तुम्हाला खडसवायला. आता ते तोंडही मला उरलं नाही, आणि त्याचाही राग तुमच्यावरच येतो. हे पत्र इथेच, वहीत राहील. तिची माफी अजून मागितलेली नाही. रोज ठरवून तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि विचारते, “जेवलीस का?”