चार हातांची ताई

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला असेल. मी ठणठणीत आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, म्हणून फोनऐवजी पत्र. (फोनवर तू "बोल" म्हणालीस की मी हवापाण्यावर बोलून मोकळा होतो.)

माझ्या नोकरीविषयी तू सगळ्यांना "काहीतरी खेळण्यांचं" असं सांगतेस. तर आमच्या खेळात चांगली कर्तीसवरती माणसं टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतं, कुणी जादूगार, आणि फासे टाकून वाटेतल्या राक्षसांशी लढतात. ते राक्षस आम्ही घडवतो, आधी कागदावर, मग टेबलावर ठेवायच्या वीतभर पुतळ्यांत. मालकांनी मला अर्धा कीटक, अर्धा माणूस असा एक करायला सांगितला. मी आधी दोन पायांवरचं झुरळ काढलं. मालक म्हणाले, "याची भीती नाही वाटत, याला चपलेने मारावंसं वाटतं." मग नाकतोडा काढला. तो मुलाखतीला आल्यासारखा उभा होता (मालकांच्या मते तो माझ्यावर गेला होता). डोकं चालेना, म्हणून रजा काढून तुझ्याकडे आलो. तू मात्र शेजारणीला सांगत होतीस, भावाला माया आली.

पहिल्याच सकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस. ओले हात छातीशी दुमडलेले, खांदे जागच्या जागी, नुसती मान वळली, आणि तू हळूच विचारलंस, "बाथरूमचा दिवा कुणी चालू ठेवला?" भाऊजी वर्तमानपत्राआड गेले. मी पाय खुर्चीवर घेतले, आणि तिथेच मला माझा राक्षस सापडला. पुढचे तीन दिवस तो दिवा मी मुद्दाम चालू ठेवला, ताई. बोलणी भाऊजींनी खाल्ली. दुपारी "पोरगं दमलंय" म्हणून तू माझ्या अंगावर पांघरूण घालायचीस, तेव्हाही मी डोळे किलकिले करून तुझी मान बघत होतो. हे लिहिताना माझे कान तापलेत.

मग ती कीटकीण झाली. पाठीवर शालीसारखे मिटलेले पंख, दोन हात छातीशी, दोन कमरेवर. चेहरा माशीचा द्यायचा होता, देवाशपथ. पण पुतळा करणाऱ्याने मानेसाठी नमुना मागितला आणि मी तुझा बागेतला फोटो दिला. त्या भल्या माणसाने मानेबरोबर चेहराही उतरवला, गालावरच्या तिळासकट. अंबाड्यातून निघालेल्या दोन लांब मिशा तेवढ्या त्याच्या पदरच्या. मी गप्प बसलो, कारण ती फार झकास जमली होती. खेळून बघायला आलेल्यांपुढे ठेवली, तर त्यातला एक दांडगा गडी उठून आपला चहाचा कप विसळून आला.

मालक खूश. तिला खेळाच्या खोक्याच्या झाकणावरच छापायचं ठरलं. एवढ्यात माझ्या टेबलावरचा तुझा फोटो त्यांना दिसला. ही कोण, म्हणाले. मी म्हणालो, ताई. "तिला ठाऊक आहे?" यावर माझं जे तोंड झालं, तेच आत्ताही आहे. आईच्या मागे जिने मला वाढवलं, तिला मी खोक्यांत भरून अनोळखी माणसांना मारायला देणार होतो. मला क्षमा कर. या पत्रामागे दुसरा काहीही हेतू नाही.

तुझा,
ठोंब्या

ता. क. मालक म्हणतात, तुझा होकार आला तरच ती छापायची, नाहीतर चेहरा बदलायचा. बदलून पाहिला; तिच्यासमोर लोक खुशाल बिस्किटं खात बसले. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, आणि आता ती या एका राक्षसिणीवर अडकली आहे. तर होकार कळव.

आणखी एक. भाऊजी इकडे आले होते, तेव्हा त्यांना पुतळा दाखवलाय (त्यांना रागावू नकोस). त्यांनी हात लावला नाही, लांबूनच पाहिला, आणि जाताना एक घरी ठेवायला मागितला.

शेवटचं. नियमाप्रमाणे प्रत्येक राक्षसाची एक कमजोरी लिहावी लागते, नाहीतर खेळ संपतच नाही. तुझी मला शोधावी लागली नाही. "धाकटा भाऊ पडेल चेहऱ्याने काही मागायला आला, की ही नांगी टाकते." एवढं लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मग हे पत्र लिहायला घेतलं.