नकाशावरचा दोरा

अहो,

लेक दोन वाजताच उतरली. तुमच्या हिशेबाने सहाला यायची होती ना? बिचारी विमानतळावर एकटी बॅगा सांभाळत बसलीय. मी टॅक्सीने तिला आणायला चाललेय. तुम्ही घोरत होतात. उठवलं असतं तर माझ्या तोंडून नाही नाही ते निघालं असतं.

उतरायची वेळ तिला विचारते म्हटलं, तर म्हणालात, "काही गरज नाही, मी तीस वर्षं मोजणीखात्यात घालवलीत." आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोरा ताणून अंतर मोजत, वेळ काढत बसलात! जन्मभर सपाट शेतं मोजलीत तुम्ही. पृथ्वी गोल आहे हो! विमान पार वरच्या बर्फावरून, जवळच्या वाटेने आलं. तिनेच सांगितलं फोनवर, हसत हसत. मला मात्र रडू आलं.

तुम्ही तिला एक फोन केला असता तर कळलं असतं. पण मग पाच वर्षं धरलेला अबोला मोडला असता ना!

दोरा माझ्या शिवणाच्या डब्यात परत ठेवा. घराची किल्ली मी मुद्दाम इथेच ठेवून जातेय. पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं आहेत, मी मोजलीत. बेल वाजली की तुम्हीच उघडायचं.