भविष्याचे कागद मिळाले नाहीत

तीर्थस्वरूप मामांस,

पिवळ्या पायाच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पांढऱ्या पायाचा असं तुम्ही म्हणालाच होतात, पिवळा कसा झाला ते पुढे येईल.)

मी इथे मजेत आहे. तुम्हीही मजेत असाल असं धरून चालतो. पुरावा हाती नाही, कारण तुमची ऑडिटची फर्म सोडली त्या दिवसापासून तुम्ही माझा फोन उचललेला नाही. मामीच्या गुडघ्यांची चौकशी परस्पर मामीकडेच केली. ती म्हणाली, सूज उतरली, तुमचा पारा मात्र उतरलेला नाही.

मामा, माझे पाय जमिनीवर नाहीत! माझी नवी नोकरी ज्यात आहे ते प्रायव्हेट इक्विटी म्हणजे कसलं खूळ, असं तुम्ही मामीला विचारलंत म्हणे. अहो, सोपं आहे. श्रीमंत लोकांचे पैसे घ्यायचे, त्यातून अख्खी कंपनी विकत घ्यायची, चार-पाच वर्षं खाऊपिऊ घालून तिला बाळसं आणायचं आणि चढ्या भावात दुसऱ्याच्या गळ्यात मारायची. आपण दोघं जन्मभर मागचं वर्ष तपासत बसलो. ही मंडळी पुढच्या वर्षात राहायला गेलेली आहेत. मुलाखतीतच एका चपलांच्या कंपनीचे आकडे पुढे टाकले आणि म्हणाले, पाच वर्षांनी हिची किंमत काय होईल ते काढा. बाकीचे उमेदवार धडाधड लिहीत सुटले. मी बराच वेळ पेन चावलं आणि हाताला वळण होतं ते लिहून दिलं: 'पुढील पाच वर्षांचे कागद तपासणीसाठी उपलब्ध करून देण्यात आले नाहीत, सबब मत व्यक्त करता येत नाही.' थोरले साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा पाण्याच्या ग्लासात पडला. सहा महिने ठेवून बघू, म्हणाले, करमणूक तरी होईल.

ऑफिसात भिंती काचेच्या आहेत. (पहिल्याच दिवशी एकीला कपाळाने नमस्कार केला.) इथे कोणीही उठून 'धंदा तिप्पट होणार' म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. माझ्या तोंडून आपसूक निघतं, 'कशावरून?' हा तुमचाच शब्द. इतकी वर्षं तुमच्याकडे जेवणाआधी आणि जेवणानंतर घेतलेला. आता माझं नावच 'कशावरून' पडलंय. शिपाईसुद्धा विचारतो, 'कशावरूनसाहेब, कॉफी आणू का?'

मागच्या आठवड्यात आम्ही रंगाचा एक कारखाना बघायला गेलो. साहेबांनी गाडीतच बजावलं होतं की हसायचं, कौतुक करायचं, तोंड मिटून ठेवायचं. मी तोंड मिटलं, पण हाताचं काय करू? गोदामातून जाताना पिंपावर टकटक केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पिंप पोकळ वाजलं! शेजारचंही! मला असं काही स्फुरण चढलं की मागची ओळ तपासायला मी वर चढलो, एक झाकण सरकलं आणि मी गुडघ्यापर्यंत आत गेलो. ते पिंप भरलेलं होतं. रंग पिवळा होता, हे मी कुठल्याही शेऱ्याशिवाय प्रमाणित करतो. पोकळ पिंपं धुवायला ठेवलेली होती आणि तशी पाटीही होती. कारखान्याच्या मालकीणबाई हसून हसून खाली बसल्या. साहेब मात्र उभेच होते आणि त्यांचाही रंग बदलला होता. मी ओशाळून एवढंच म्हणालो, "माझे मामा असते ना, तर वर न चढता खालूनच ओळखलं असतं त्यांनी!"

बाकी सर्व ठीक. पत्र लिहायला विशेष कारण काही नाही, सहज लिहिलं.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द पडताळून पाहावा),
भाचा

ता. क. मालकीणबाई म्हणाल्या, "आजवर सगळे नुसतं छान छान म्हणून गेले, माल या एकट्याने बघितला. कारखाना विकेन तर तुम्हालाच. पण मोजणी याच्या मामांनीच करायची!" तुम्ही आलात तर सौदा होईल आणि माझी नोकरी पक्की. नाही आलात तर दोन्ही गेली. सोमवारी सकाळी गाडी दारात येईल. मामीने तुमची बॅग भरलेली आहे, पलंगाखाली बघा.

ता. क. दुसरा: तुमच्या फर्ममधली खिडकीजवळची माझी खुर्ची तूर्त कोणाला देऊ नका.

ता. क. तिसरा: इथे सगळं आहे, पण चुकलं की ओरडणारं कोणी नाही. मामा, तुमची फार आठवण येते. कृपा करून 'कशावरून' विचारू नका.