लोमा रेतामाच्या अकरा खांबांवर केबल टाकण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
नागरी इंटरनेट जोडणी विभाग,
लोमा रेतामा प्रभाग नगरपालिका, लिमा.

विषय : आमच्या टेकडीवरील खांबांवर चौदा नोव्हेंबरपूर्वी केबल मिळण्याबाबत.
संदर्भ : आमचा दि. ९ मेचा अर्ज व आपले दि. २५ जूनचे उत्तर.

महोदय,

मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले असून, सध्या वस्तीच्या सामूहिक भोजनगृहात दुपारची जेवणे उरकल्यावर मुलांचा अभ्यास घेते. सर्व रहिवाशांच्या वतीने पुढीलप्रमाणे कळविते.

१. "सदर वस्तीत सेवा उपलब्ध असल्याने ती मोफत जोडणी योजनेस अपात्र आहे," असे आपण कळविले. महोदय, उपलब्ध आहेत ते खांब. "वर खांबच नाहीत, केबल काय हवेत लटकवू?" असे इंटरनेट कंपनीचा माणूस म्हणाला, म्हणून आम्ही तीन रविवार श्रमदान केले. निलगिरीचे अकरा ओंडके खांद्यावर घेऊन दोनशे चौदा पायऱ्या चढवले. गैरहजर दोघेच होते आणि त्यांतली एक बाळंतीण होती.

२. जूनमध्ये आपले निरीक्षक आले ते पायऱ्यांच्या तळाशीच थांबले. खालूनच फोटो काढून म्हणाले, "बाई, खांब आहेत म्हणजे केबल असणारच." मी म्हटले, "बाळा, जरा वर ये. त्या दोऱ्या आहेत, मुलांचे गणवेश वाळत घातलेत त्यांवर." त्यावर, "फोटोत केबलच दिसतेय," असे सांगून ते रिक्षात बसले.

३. आपल्या खिडकीवर चौकशी केली असता, सेवा नसल्याचा कंपनीचा दाखला आणण्यास सांगण्यात आले. कंपनी दाखला फक्त ग्राहकाला देते. सेवा नसल्याने आमच्यात ग्राहक कोणी नाही. हे गणित मी फळ्यावर मांडून पाहिले, सुटले नाही.

४. ग्राहक कोणी नाही, यावरून आपल्या विभागाने वस्तीत इंटरनेटविषयी अनास्था असल्याचा निष्कर्ष काढला आणि ऑगस्टमध्ये जनजागृतीसाठी एक मुलगी पाठवली. मुलगी गुणी होती. तिने इंटरनेटचे फायदे भिंतीवर चित्रे दाखवून समजावले, कारण इंटरनेट नव्हते. एकाहत्तर वर्षांच्या यूफेमियाबाई शेवटी म्हणाल्या, "पोरी, पाण्याचे फायदे सांगून माझी टाकी भरते होय गं? टँकर लागतो." तरीही आम्हा चाळीस जणांना प्रमाणपत्रे मिळाली.

५. आता मुख्य मुद्दा. माझी विद्यार्थिनी नायेली कोंदोरी हिने गेल्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा पाण्याच्या टाकीवर उभे राहून मोबाईलवर दिली, कारण सिग्नल तेवढ्याच जागी येतो. धुके होते, आईने तिच्यावर घोंगडी धरली होती. एकतिसाव्या प्रश्नाला सिग्नल गेला. निकालात लिहून आले, "उमेदवाराने परीक्षा स्वेच्छेने सोडली." ती खाली उतरून मला एवढेच म्हणाली, "बाई, बत्तिसावा येत होता मला." पुढची परीक्षा चौदा नोव्हेंबरला आहे. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी आहे.

६. वस्तीचे सचिव फ्लोरेन्सिओ यांनी गेल्या बैठकीत ठराव मांडला, "खांबच उपटून टाकू. मग तरी आपण गरजू ठरू." टाळ्या पडल्या. मी उठून विचारले, "आणि केबल मंजूर झाल्यावर तेच ओंडके परत वर कोण नेणार? तू?" लोक हसले, म्हणून मतदान रविवारपर्यंत लांबले. त्यापुढे मी त्यांना थांबवू शकेन असे वाटत नाही. थांबवावे असेही आता वाटत नाही.

मुले चुकली तर मी तेच उदाहरण पुन्हा सोडवून दाखवते, तसे आपल्यालाही एकदाच दाखवते. आमच्या मागील अर्जास आपण सत्तेचाळीस दिवसांनी उत्तर दिलेत. आज दोन ऑक्टोबर. आजपासून सत्तेचाळीस दिवस मोजल्यास अठरा नोव्हेंबर येतो, म्हणजे परीक्षेनंतर चार दिवस.

तरी विनंती आहे की, या अर्जास उत्तर पाठवू नये. केबल पाठवावी.

आपली नम्र व अजून तरी शांत,
इलारिया सुल्का पाल्पा
ब्लॉक फ, प्लॉट १२, लोमा रेतामा
दि. २ ऑक्टोबर

सोबत :
१) श्रमदानाचा हजेरीपट.
२) जनजागृतीची चाळीस प्रमाणपत्रे, परत.
३) अकरा खांबांचा फोटो, वरून काढलेला.