कॅचरच्या बदल्यात दोघे

बाबा, शनिवारी मला तुमच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं आहे. मैदानावर नवा डगआउट बांधलाय. पूर्वी खेळाडू पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे, आता पक्की बैठी खोली आहे, आणि क्लब तिला तुमचं नाव देतोय. क्लबची आत्ताची अध्यक्ष एका दातांच्या दवाखान्यात काम करते. तिने फोनवर विषयही देऊन टाकला. "तुझ्या बाबांनी टीम परत कशी उभी केली ते सांग. कुणाला सोडलं, कुणाला आणलं. लोकांना तेच ऐकायचंय. आणि पाच मिनिटं म्हणजे पाच हं मेट, सॉसेज थंड होतात." मी लगेच हो म्हणालो. त्यानंतर मला एक गोष्ट कळली. आता भाषण लिहायला बसलो की तुमच्याशी बोलायला लागतो, आणि शनिवारी तिथे उभं राहायचं की नाही हे ठरत नाही.

तुम्ही केलेल्या बदलांचा हिशेब मला पाठ आहे. टीम सलग दोन सीझन तळाला होती आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून कमिटीने ती तुमच्या हातात दिली. तुम्ही पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात धातुतज्ज्ञ. अमरावतीला कॉलेजच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळलेले. वॉलॉंगॉंगच्या आपल्या मंडळींत सगळे क्रिकेटवाले, आणि तुम्ही एकटे शनिवारी बेसबॉलचा ग्लव्ह काखेत मारून निघायचात. "काय हो, क्रिकेटमध्ये घेत नाहीत का तुम्हाला?" असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "घेतात, पण दिवसभर सोडत नाहीत." तिकडे अमेरिकेत संध्याकाळ झाली की इकडे ऑस्ट्रेलियात आपली सकाळ, त्यामुळे चहाबरोबर तुमची तिकडची मॅच चालू असे. तुम्ही हरणाऱ्या टीम्स बघायचात. कोण जुनी माणसं सोडतंय, कोण अजून सोडवत नाही म्हणून धरून बसलंय, कोण कोवळी पोरं घेऊन दोन वर्षं हरायला तयार आहे. पहिल्या मीटिंगमध्ये तुम्ही भट्टीचं सांगितलंत. भट्टीचं आतलं अस्तर झिजलं की ती थंड करावी लागते, आणि थंड आहे तोवर लोखंड मिळत नाही. तेवढं सोसायची तयारी असेल तर मी करतो. त्या खोलीतले निम्मे लोक कारखान्यातच कामाला होते. त्यांना ते लगेच पटलं.

आपल्या लीगमध्ये पैसे नव्हते. खेळाडूला क्लब बदलायचा तर जुन्या क्लबने त्याला मोकळं करायचं, क्लिअरन्स द्यायचा, एवढीच पद्धत. पण दोन कोच आधी फोनवर बोलून घेत. तू तुझा सोड, मी माझा सोडतो. तुम्ही त्याला ट्रेड म्हणायचात, आणि तो अमेरिकन शब्द वापरताना जरासे लाजायचात. आपल्या फ्रिजच्या दारावर प्लंबर आणि घरांचे दलाल यांची फुकट मिळालेली मॅग्नेटं होती. त्यांच्यावर चिकटपट्टी लावून तुम्ही प्रत्येकाची जागा लिहिली होती. आई दूध काढायला दार उघडायची आणि दोन मॅग्नेटं खाली पडायची. "तुमचा थर्ड बेस पडला हो," ती ओट्यापासून ओरडायची. तुम्ही पेपर ठेवून उठायचात.

पहिला बदल म्हाताऱ्या पिचरचा. म्हातारा म्हणजे तेव्हा चाळिशीचा, माझ्या आजच्या वयाहून लहानच. क्लबचा लाडका, पण त्याचं कोपर गेलं होतं आणि हे त्याला कुणी सांगत नव्हतं. तुम्ही आईकडून चिवड्याचा डबा भरून घेतलात, मला गाडीत घातलंत आणि त्याच्या घरी गेलात. त्याच्या गॅरेजमध्ये उभं राहून, तुमच्या त्या तुटक इंग्रजीत, सरळ त्याच्याकडे बघत म्हणालात, तुझा हात संपलाय, मी तुला पहिल्या टीममध्ये ठेवणार नाही, हे तू दुसऱ्या कुणाकडून ऐकू नयेस म्हणून आलोय. तो तुमच्यावर ओरडला. तुम्ही ऐकून घेतलंत. चिवड्याचा डबा त्याने परत दिला नाही. पुढच्या सीझनला तो आपणहून आला आणि पोरांना पिचिंग शिकवायला लागला. हा निर्णय उत्तम. दुसरा ट्रेड फसला. लांब मारणारा पण पळता न येणारा आपला पहिल्या बेसचा खेळाडू देऊन तुम्ही एक डावखुरा आउटफिल्डर घेतलात, आणि तो अर्ध्या सीझनमध्ये गॅसच्या नोकरीवर डार्विनला निघून गेला. तुम्ही मीटिंगमध्ये उभं राहून म्हणालात, चूक माझी, मी त्याचा खेळ बघितला, त्याला विचारलं नाही. लोकांना तुमचं हे आवडायचं. मलाही. माझे बाबा माणसाच्या तोंडावर बोलतात, असं मी युनिव्हर्सिटीतल्या मित्रांना सांगायचो.

तिसरा ट्रेड कॅचरचा. तो मी होतो.

आईला तुम्ही एकदा समजावलं होतं, कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच, फक्त चेंडू कसा टाकायचा ते तोच बोटांनी पिचरला सांगतो, डोकं त्याचं आणि हात दुसऱ्याचा. "मग ह्याला बरोबर आहे," आई म्हणाली होती, "काम सांगायला पुढे." डोकं मला होतं. हात नव्हता. माझा दुसऱ्या बेसवरचा थ्रो हळू जायचा आणि समोरचे बिनधास्त पळायचे. एकोणीस वर्षांचा होतो. एका संध्याकाळी उत्तरेकडच्या क्लबच्या कोचचा मला फोन आला. आमच्याकडे ये, आम्हाला तुझ्यासारखा कॅचर हवाय. पलीकडून माझं कौतुक चाललं होतं आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होता. मला ते हवं होतं, बाबा. तुमचा मुलगा म्हणून टीममध्ये आहे असं कुणी म्हणणार नाही अशी जागा हवी होती. आणि तुमची टीम तळाला असताना तुम्हाला टाकून जायचं कसं, या विचाराने मला जेवण जाईना.

शेवटी मी स्वयंपाकघरात येतो. तुम्ही पेपर पसरून जुन्या सुरीने बुटांच्या खिळ्यांतला चिखल काढताय. आई पोळ्या लाटतेय. मी म्हणतो, बाबा, मला जायचंय. तुम्ही विचारता, "विचार केलायस?" मी हो म्हणतो, आणि मग रडायला लागतो, सॉरी बाबा, सॉरी, तुम्हाला आत्ता माझी गरज आहे आणि मी. तुम्ही सुरी खाली ठेवता. म्हणता, "तू काळजी करू नकोस. मी सांभाळून घेईन." नव्या क्लबच्या पहिल्या मॅचच्या सकाळी मी तुमच्या पाया पडलो, परीक्षेला जाताना पडायचो तसा. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. आईने तळहातावर दही-साखर दिली. तुमच्याविरुद्ध मॅच असायची तेव्हा मी काहीतरी कारण काढून बसून राहायचो. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होता त्या शेवटच्या दिवसांत, तुम्हाला सूप भरवताना, मी परत म्हणालो, बाबा, मी तेव्हा तुम्हाला सोडून गेलो. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "जुनं झालं रे ते."

मागच्या महिन्यात मैदानावर मी सॉसेज परतत होतो. उत्तरेकडचा तो जुना कोच काठी टेकत कँटीनच्या खिडकीशी आला. नव्या डगआउटकडे बघून म्हणाला, "तुझ्या बापाचं नाव देताय म्हणे. बरोबर आहे. मला तर त्याने सोलून काढलं होतं."

मी म्हटलं, "ते कसं काय?"

"तुझ्या बदल्यात दोन पोरं घेऊन गेला, मेट! पिचर एक आणि शॉर्टस्टॉप एक. मी म्हटलं एक घे. म्हणाला, माझा मुलगा आहे, स्वस्तात देणार नाही." तो हसला. "वर म्हणाला, फोन तू कर, तुलाच तो हवाय असं सांग, माझं नाव काढू नको. कांदा जास्त घाल रे त्यावर."

मी कांदा जास्त घातला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "तुला ठाऊक असेल असं वाटलं मला. इतकी वर्षं झाली." मी म्हटलं, नो वरीज.

पुढच्या रविवारी ट्रेनने आईकडे गेलो. तुमच्यानंतर ती सिडनीत हॅरिस पार्कला राहते, खाली उतरलं की वाणी, मिठाई, गप्पा मारायला माणसं. ती मेथी निवडत होती. मी चपला काढायच्या आधीच विचारलं, "तुला माहीत होतं? मला बाबांनीच पाठवलं ते?"

तिने मान वर केली नाही. "चहा टाकू?"

"आई."

"हो रे. होतं माहीत." दोन काड्या बाजूला टाकल्या. "ते म्हणाले, काढून टाकलं असं त्याला वाटायला नको. आपणहून गेला असं वाटू दे."

"आणि मी रडलो तेव्हा?"

"तेव्हा मी म्हटलंच त्यांना, सांगून टाका आता, पोरगं जेवत नाहीये. तर म्हणाले, आता सांगितलं तर त्याला दोनदा लागेल." मग तिने पुढची जुडी ओढली. "हिंमत नव्हती रे त्यांच्यात. कारखान्यात होती, मैदानावर होती. तुझ्यापुढे नव्हती." आणि लगेच, "शनिवारी हे काढू नकोस हं. लोक जेवायला येणार."

ट्रेनमध्ये परत येताना मी तो ट्रेड तपासला, तुम्ही तपासला असतात तसा. पिचर सतरा वर्षांचा, हात जिवंत. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा, त्याहून लहान, पाय हलके. ते वाईट निघाले असते तर बरं झालं असतं, पण दोघंही चांगले निघाले. काही सीझन गेले आणि तुम्ही फायनल जिंकलात, शेवटचा बाद त्या शॉर्टस्टॉपनेच केला. मी कुंपणाबाहेर उभा राहून टाळ्या वाजवत होतो आणि मनात म्हणत होतो, मी असतो तर बाबांना आणखी आनंद झाला असता. तुमच्या जागी मी असतो तरी तोच ट्रेड केला असता. हळू थ्रोचा कॅचर देऊन दोन कोवळे खेळाडू मिळत असतील तर कुणीही घेईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्या पिचरच्या गॅरेजमध्ये तुम्ही गेलात. परक्या माणसाला, ज्याची भाषासुद्धा तुम्हाला धड येत नव्हती, त्याला तुम्ही समोर उभं राहून सांगितलंत. माझ्या आणि तुमच्यामध्ये एक स्वयंपाकघर होतं आणि तिथे तुम्ही माझी माफी घेतलीत. ती घ्यायचा हक्क तुमचा नव्हता. जी मला माझी मोठी चूक वाटत होती ती तुम्ही आखलेली होती, आणि ती करायला निघताना मी तुमच्या पाया पडलो तेव्हा तुमचा हात माझ्या डोक्यावर आला. तो हात कसा आला, बाबा? हॉस्पिटलमध्ये तर मी तुम्हाला पुन्हा संधी दिली होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. जुनं झालं रे ते, असं तुम्ही म्हणालात, आणि मला वाटलं तुम्ही मला माफ करताय. ती माफी घेऊन मी तुम्हाला पोचवून आलो. इतकी वर्षं ती मला पुरली होती.

शनिवारी मी उभा राहणार आहे. आईसाठी नाही, अध्यक्षबाईंना शब्द दिलाय म्हणूनही नाही. त्या टीमचं काम तुम्ही खरंच चांगलं केलंत आणि ते नीट सांगू शकेल असा माझ्याइतका जवळून पाहिलेला माणूस तिथे दुसरा नाही. गॅरेज सांगेन, डार्विन सांगेन. तिसऱ्या ट्रेडबद्दल म्हणेन की बाबांनी कॅचर दिला, पिचर आणि शॉर्टस्टॉप घेतले, आणि कॅचरला शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच. त्यावर कुणी हसलं तर हसू दे. तो जुना कोच पुढच्या रांगेत असेल, त्याला कळेल. आईला राग येईल.

हे कागद मात्र सोबत नेणार नाही. यात एक गोष्ट आहे जी मी तिथे बोलणार नाही आणि तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितली नसती. उत्तरेकडच्या त्या क्लबात मी फार मजेत होतो. तिथे मला पहिल्यांदा खेळताना हसू यायचं, मॅच संपल्यावर त्या पोरांबरोबर समुद्रात उड्या मारायचो, गाडीत गाणी म्हणत परत यायचो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आलो की गाणं बंद करायचो, आरशात बघून चेहरा उतरवून घ्यायचो आणि मग घरात यायचो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.